साडेदहाचं ऊन

घेरी आबांना आली, असं जोतिराम कधी म्हणालाच नव्हता. रिक्षातून उतरून बापलेक दारात उभे होते, दोघांच्याही कपड्यांना धूळ, आबांचा फेटा ओला होऊन जोतिरामच्या हातात. शालन टॉवेलच्या कारखान्यातून लवकर सुटून आलेली, तिनं नुकतंच कुलूप काढलं होतं. आबांकडं बघत ती म्हणाली, "अगं बाई, घेरी आली का काय?" जोतिराम म्हणाला, "व्हय." कुणाला, हे तिनं विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही.

बत्तीस वर्षं सोलापूर स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून काढलेल्या माणसाला असं बोलणं अंगवळणी पडलेलं असतं. "गाडी निघालीय," असं तो खिडकीतून प्रवाशांना सांगायचा. कुठून निघालीय, हे सांगायचं बंधन नव्हतं.

शालननं सासऱ्याला पलंगावर बसवलं, पंखा लावला, ताक पाजलं आणि फोन घेतला. मंगळवेढ्याजवळच्या गावात नणंद फुलाबाई, पुण्यात धाकटा दीर बिरुदेव. दहा मिनिटांत दोघांनाही कळलं की आबा भर रस्त्यात पडले. जोतिराम मोरीत तोंडावर पाणी मारून बाहेर आला आणि "अगं, तसं नव्हं," म्हणेपर्यंत पलीकडं फुलाबाईनं गळा काढला होता. रडणाऱ्या थोरल्या बहिणीला मध्येच थांबवून दुरुस्ती सुचवायची त्याची साठ वर्षांत कधी छाती झाली नव्हती. उद्या रविवार. दोघंही सकाळीच निघतो म्हणाले. जोतिरामला वाटलं, उद्या सगळे आले की निवांत सांगू.

खरं काय झालं होतं ते त्याला आणि आबांना माहीत होतं. आणि शेजारच्या तेलुगू धनलक्ष्मीला.

धुळाआबा शहाऐंशी वर्षांचे. उभा जन्म मेंढरांमागं गेलेला. अडीच वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, डावा हात लुळावला, डावा पाय ओढायला लागला, तेव्हा जोतिरामनं त्यांना भवानी पेठेतल्या आपल्या घरी आणलं. त्याच दिवशी शालननं चुलीपुढं नव्हे, चांगलं चार माणसांपुढं सांगून टाकलं, "तुमच्या आईचं हागणं-मुतणं आठ वर्सं मी काढलं. बापाचं तुमी काढायचं. न्याव म्हंजे न्याव." जोतिराम तेव्हा नुकताच निवृत्त झाला होता. हातात काम नव्हतं, अंगात शिस्त तेवढी उरली होती. त्यानं पहिल्या आठवड्यातच आबांचं वेळापत्रक तयार केलं, लॅमिनेट करून आणलं आणि फ्रिजवर चिकटवलं. चहा सहा तीस. आंघोळ सात पंधरा. नाश्ता, गोळ्या, मालिश. फिरणे दहा तीस ते अकरा पंधरा, आणि पुढं कंसात 'कोवळे ऊन'.

थंडीत ते बरोबरच होतं. मार्गशीर्षात साडेदहाच्या उन्हात म्हाताऱ्याची हाडं शेकून निघायची. पण होळी होऊन आठ दिवस झाले होते. सोलापूरचं ऊन सकाळी नऊलाच पत्र्यावर नाचायला लागलं होतं. शालन तीनदा म्हणाली, "अवं, आता तरी टायमिंग बदला." तो म्हणाला, "अशी मनाला येईल तशी वेळ बदलत न्हाईत." आबा पहाटे चारलाच उठून बसायला लागले, सातच्या आंघोळीला कुरकुर करायला लागले, दुपारचं ताट अर्धं सारायला लागले. जोतिरामनं वहीत नोंद केली : 'रुग्ण सहकार्य करीत नाही.' रोज चपला घालताना आबा दाराबाहेर नजर टाकून एकच शब्द बोलायचे, "तापलंय." जोतिराम म्हणायचा, "कोवळं हाय, आबा. हाडांना बरं." साडेदहाचं ऊन कोवळं मानणारा अख्ख्या सोलापुरात तो एकटाच होता. तेही फ्रिजवर लिहून ठेवलं होतं म्हणून.

त्या शनिवारी त्याचा उपास होता. पोटात नुसता चहा. खांद्याला पाण्याची बाटली, पण ती आबांची. शुश्रूषा करणाऱ्यानं रुग्णाचं पाणी पिऊ नये असा एक नियम त्यानं स्वतःच काढलेला. रूपाभवानीच्या रस्त्यानं परत येताना डोळ्यांपुढं पिवळं पिवळं दिसायला लागलं. "आबा, जपून हं," एवढं म्हणून तो खाली बसला आणि मग आडवाच झाला.

शुद्ध आली तेव्हा तो लिंबाच्या सावलीत होता. आबांनी काठी टाकून, एका उजव्या हातानं शर्टाची कॉलर धरून त्याला रस्त्याच्या कडेला ओढलं होतं. फेटा सोडून, बाटली त्यावर रिकामी करून त्याच्या टाळूवर ठेवला होता आणि ते जिभेनं टक् टक् असा आवाज काढत होते. तो आवाज जोतिरामनं लहानपणी ऐकला होता, बसकण मारलेल्या मेंढीला उठवताना. धनलक्ष्मी घरी वळलेल्या विड्या कारखान्यात देऊन परतत होती. तिनं रिक्षा थांबवली, दोघांना आत कोंबलं आणि आबांना म्हणाली, "पोराला सांबाळा, आबा."

पोर एकसष्ट वर्षांचं होतं.

*

फुलाबाई रविवारी पहिल्या एसटीनं आली. एका हातात नव्या शाळू ज्वारीच्या पिठाची पिशवी, दुसऱ्या हातात कांद्यांची. पिशव्या उंबऱ्यातच टाकून ती पलंगाकडं गेली आणि आबांच्या पायांवर हात ठेवून रडायला बसली. रडता रडता तिचा हात थांबला.

"जोत्या, पायात मोजं?"

"लोकरीचं हायत, आक्का. पायाला ऊब पायजे म्हणून—"

"शिमगा झाला की रं! म्हाताऱ्याला भाजून खातोस काय?" तिनं ते ओढून काढले आणि कोपऱ्यात भिरकावले. आबांनी पायाची बोटं एकदा पसरली, एकदा आवळली. इतकं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर जोतिरामनं अडीच वर्षांत बघितलं नव्हतं.

दहाच्या आत बिरुदेव आणि त्याची बायको पूनम गाडी घेऊन पोचले. बिरुदेव पुण्याला गाड्यांच्या कंपनीत सुपरवायझर. बोलणं निम्मं पुण्याचं झालेलं, निम्मं अजून मंगळवेढ्याचं. पूनमनं पर्समधून रक्तदाब मोजायचं यंत्र काढलं आणि आबांच्या दंडाला पट्टा गुंडाळला.

"एकशे अठ्ठावीस, ऐंशी," ती म्हणाली. "नाडी अडुसष्ट. हे तर माझ्यापेक्षा चांगलं आहे."

"मशीन बिघडलं असंल," बिरुदेव म्हणाला. "काल पडलेला माणूस. दादा, तुझा हात आण बरं, ताडून बघू."

जोतिरामनं हात मागं घेतला, पण पूनमनं पट्टा चढवलासुद्धा. यंत्र घरघरलं, थांबलं, पुन्हा घरघरलं.

"शहाण्णव, अठ्ठावन्न?" पूनमनं यंत्र हलवून पाहिलं. "बिघडलंच आहे बहुतेक."

"तरी म्हणलं," जोतिराम म्हणाला. ही संधी होती. तोंड उघडून सांगायचं, की बाई, यंत्र बरोबर आहे. त्यानं तोंड उघडलं आणि विचारलं, "चहा टाकू का?"

चहा झाला आणि खरी बैठक बसली. आबा पलंगावर भिंतीला टेकून, बाकी सगळे खाली सतरंजीवर. बिरुदेवनं घसा साफ केला.

"हे बघा, आता भावनेत जायचं नाही. दादानं अडीच वर्षं केलं. त्याचं वय झालं. पुण्यात आमच्या जवळच एक केंद्र निघालंय. चोवीस तास नर्स, व्यायाम घेणारा माणूस, हॉलला एसी—"

"माझा बाप काय सामान हाय व्हय, केंद्रात नेऊन ठिवायला?" फुलाबाई उसळली.

"आक्का, ठेवायचं नाही, ऱ्हायचं तिथं."

"तू ऱ्हा जाऊन. आबा माझ्याबरुबर येत्यात. वस्तीवर लिंब हाय, चिंच हाय, हीर हाय. दोन शेळ्या नजरंपुढं हिंडत्यात. हितं काय हाय? चार भिंती आन ह्याची फ्रिजवरची पाटी."

पूनम नवऱ्याच्या बाजूनं दोन वाक्यं बोलली, शालन नणंदेच्या बाजूनं चार. बिरुदेवच्या ध्यानात आलं की पारडं आक्काकडं झुकतंय. त्यानं लगेच बाजू बदलली. "बरं, निदान उन्हाळाभर तरी आक्काकडं जाऊ द्या. पावसाळ्यात बघू पुढचं." पूनमनं त्याच्याकडं असं पाहिलं की गाडीत बोलू. पण ठराव झाला होता. तो मांडणाऱ्यांपैकी कुणीच जोतिरामला विचारलं नव्हतं.

"मला इचारलं का कुणी?" तो म्हणाला.

"तुला काय इचारायचं?" बिरुदेवनं मोबाइल काढला. घरच्यांच्या गटावर जोतिराम रोज संध्याकाळी अहवाल टाकत असे, तो बिरुदेव मोठ्यानं वाचायला लागला. "बारा फेब्रुवारी. 'आबांची तब्येत स्थिर. माझी कंबर अस्थिर.' एकोणीस फेब्रुवारी. 'आज तीनदा धोतर बदलले. आभारी आहे.' कुणाचे आभार, दादा? तीन मार्च. 'या ड्युटीला रिलिव्हर नाही.' तूच लिहिलंयस ना?"

जोतिरामनंच लिहिलं होतं. रोज रात्री ते वाक्य जुळवताना त्याला बरंही वाटायचं. उत्तरात फुलाबाईचे जोडलेले हात यायचे, बिरुदेवचा अंगठा यायचा आणि तो झोपी जायचा. आता ड्युटी उतरवून घेणारा रिलिव्हर दारात आला होता, तर त्याला ती सोडवेना. आबांचा हात साबण लावून धुताना मधल्या बोटाखालचा घट्टा त्याच्या अंगठ्याला लागायचा, पंच्याहत्तर वर्षं काठी धरून पडलेला. उद्यापासून तो हात कोण धुणार? आक्का धुईल, त्याच्यापेक्षा चांगला धुईल. हेच तर वाईट होतं.

तेवढ्यात मागच्या दाराची कडी वाजली. जोतिराम इतक्या तातडीनं उठला की पूनमचा कप लवंडला. दारात धनलक्ष्मी, हातात ताकाचा तांब्या.

"अण्णा, आता बरा हाय ना तुमी? काल तुमचा तोंड कसा चुन्यासारका पांढरा—"

"हळू! हळू बोला." त्यानं दार मागं ओढून घेतलं. "आत पाव्हणे हायत."

"मग? पाव्हण्याला सांगितलं न्हाय?"

"सांगणार हाय."

धनलक्ष्मीनं त्याच्याकडं पाहिलं. तीस वर्षं शेजारी राहिलेली बाई. तिच्या डोक्यात शिरायला वेळ लागला नाही. "म्हंजे आबा पडला म्हणून सांगितला? अय्यो, अण्णा!" ती पदर तोंडाला लावून हसली आणि मग हसायची थांबली. "मी न्हाय सांगत. मला काय करायचं? पण म्हातारा तितं बसून सगळं ऐकायलाय की."

तांब्या त्याच्या हातात देऊन ती गेली.

*

तो आत आला तेव्हा फुलाबाई आबांचं घोंगडं उचलून गुंडाळायला लागली होती. शालन गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत भरत होती. बिरुदेव आबांपुढं उकिडवा बसला होता.

"आबा, नीट सांगा. काल नेमकं काय झालं? छातीत दुखलं का? पाय घसरला?"

जोतिराम तांब्या घेऊन दारातच उभा राहिला. आबा बोलणार. आबा जन्मात कधी खोटं बोलल्याचं त्याला आठवत नव्हतं. बोलायलाच त्यांना फारसं लागायचं नाही, तर खोटं कुठून बोलणार? चला, सुटलो, त्याला वाटलं. आता आपल्याला सांगायला नको.

आबा समोरच्या भिंतीकडं बघत म्हणाले, "घेरी आली."

"कशानं?"

"ऊन लागलं. म्हातारपान. दुसरं काय?"

"मग दादानं काय केलं?"

"त्येनंच तर सावलीला वडलं मला," आबा म्हणाले. "लई केलं त्येनं."

एवढं म्हणून त्यांनी डोळे मिटले. जोतिरामकडं त्यांनी एकदाही पाहिलं नाही. फुलाबाईनं घोंगड्याला दोरी आवळायला घेतली.

बत्तीस वर्षांत जोतिरामनं खिडकीपलीकडच्या लोकांच्या किती शिव्या खाल्ल्या होत्या, त्याची गणती नव्हती. एकाही शिवीनं त्याला घास अडकला नव्हता. आता मात्र आबांचं 'लई केलं त्येनं' त्याला पचेना.

"घेरी मला आली," तो म्हणाला.

कुणी ऐकलं नाही. दोरी आवळण्यात सगळे गुंतले होते. त्याला पुन्हा म्हणावं लागलं, आणि घाबरल्यामुळं तो थेट स्टँडवरच्या आवाजात ओरडला, "घेरी मला आली होती! आबांना न्हाय! मी पडलो. त्यांनी मला वडलं, एका हातानं. फेटा भिजवून माझ्या डोस्क्यावर ठिवला. शालीनं इचारलं घेरी आली का, मी व्हय म्हणलं. ती मला इचारायलीय का त्यांना, ते मी बघितलं न्हाय. बघितलं हुतं. पर बोललो न्हाय."

पूनमनं पुन्हा यंत्र हातात घेतलं.

"म्हणजे," पूनम हळूच म्हणाली, "मशीन बरोबर आहे."

बिरुदेवला हसू फुटलं. त्यानं दाबायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला आणि पोट धरून सतरंजीवर आडवा झाला. फुलाबाईही हसत होती, पण तिच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं. शालन तेवढी हसली नाही. गोळ्यांची पिशवी तिच्या हातात तशीच होती.

"काल दोपारपासनं," ती म्हणाली, "मी मामंजींच्या उशाशी बसले. घटकंघटकंला त्येंचं कपाळ बगितलं. आन तुमी बाजूला पडून हुता, तर तुमाला येक गलास पाणी म्या इचारलं न्हाय. रातीच्याला तुमाला काय झालं असतं, तर मला कळलं बी नसतं. अवं, माझ्याशी कशाला लपवायचं?"

"लाज वाटली," तो म्हणाला. "अडीच वर्सं सांगत आलो, मी आबांना सांबाळतोय म्हणून."

शालननं त्याच्या हातातला तांब्या काढून घेतला, पेल्यात ताक ओतलं, त्यात मिठाची चिमूट टाकली आणि पेला त्याच्या तोंडाशी धरला. दिरा-नणंदांपुढं असं तिनं कधी केलं नव्हतं. त्याला ते सगळं एका दमात प्यावं लागलं.

फुलाबाई आता आबांकडं वळली. "आन आबा, तुमी वो? ह्या वयात खोटं बोलायचं?"

आबांनी डोळे उघडले. बोलायला त्यांना वेळ लागायचा. झटक्यानंतर जीभ जड झाली होती.

"चार मानसांत पोराची मान खाली कशाला घालायची?" ते म्हणाले. "रोज न्हाऊ घालतंय त्ये मला. धोतार धुतंय. येक डाव म्या झाकून घेतलं, तर काय बिगडलं?"

जोतिरामनं मान फिरवून कोपऱ्यातल्या मोज्यांकडं बघायला सुरुवात केली. त्या मोज्यांत बघण्यासारखं काही नव्हतं.

"आता नेमकं न्यायचं कुणाला, ते ठरवा," बिरुदेव डोळे पुसत म्हणाला. "माझं केंद्र अजून मोकळं आहे."

"कुणी कुटं जायचं न्हाय," आबा म्हणाले. "मी हितंच बरा हाय. फकस्त येळ चुकतीया."

"कशाची येळ, आबा?"

"समद्याची. ऊन बदललं की समदं फिरवावं लागतंय. मेंढरू सुदिक दोपारी चरत न्हाय. पाटंला चालवायचं, ऊन चढलं की सावलीला बशिवायचं, उतारलं की परत सोडायचं." ते थांबले, धाप टाकली. "ह्येला किती डाव सांगितलं, तापलंय म्हणून. ह्यो म्हनतोय, कवळं हाय."

आता मात्र शालनसुद्धा हसली.

जोतिरामनं फ्रिजवरचा कागद उतरवला, खिशातलं पेन काढलं आणि 'दहा तीस'वर काट मारली. लॅमिनेशनवर शाई बसेना. त्यानं बोटावर थुंकी घेऊन पुसलं, पुन्हा मारली. फुलाबाईनं कागद ओढून घेतला आणि त्याच कागदानं ती आबांना वारा घालायला लागली. "लिवायचं काय त्यात? ध्यानात ठिव."

मग सगळ्यांनी मिळून आबांचा उन्हाळा लावला. चारला जाग येते तर येऊ द्यायची, उठून बसवायचं, भांडायचं नाही. उजाडायच्या आधी फिरायला निघायचं, उन्हं अंगणात यायच्या आत घरात. डाळ-भात बंद, फुलाबाईनं पीठ आणलंच होतं, सकाळी आंबील, दुपारी ताक-भाकरी आणि कांदा. आंघोळ सकाळी नको, तर दिवस मावळताना, टाकीतल्या कोमट पाण्यानं. पश्चिमेच्या खिडकीला ओलं गोणपाट. संध्याकाळी पलंग गच्चीवर. आबा एकेक ऐकून मान हलवत होते. चुकलं तिथं हलवत नव्हते.

"आन तुमचं?" शालन नवऱ्याला म्हणाली.

"माझं काय?"

"तुमचं खानं, पानी, झोप. आबांच्या येळंला आबांबरुबर तुमी बी आंबील प्यायची. शनवारचा उपास बंद. मारुतीला मी सांगते. आन मंगळवारी मी लवकर सुटते, तवा सांजच्याला तुमी घरात ऱ्हायचं न्हाय."

"मग कुटं जाऊ?"

"कुटंबी जावा. मोकळं फिरा."

मोकळ्या संध्याकाळी काय करतात, हे जोतिरामला खरोखरच माहीत नव्हतं. स्टँडवर जाऊन बसावं, एवढंच सुचलं.

"मी पण येत जाईन अधूनमधून," बिरुदेव म्हणाला. "बघतो कसं जमतं."

"बघतो नाही," पूनम म्हणाली. "महिन्यातला दुसरा रविवार. येतो. शालनताई, मी आणते त्यांना." बिरुदेवनं तोंड उघडलं आणि तिच्या हातातलं यंत्र बघून मिटलं.

फुलाबाईनं घोंगड्याची दोरी सोडली. "मी आठ दिस हाय हितं," ती म्हणाली. "ह्या दोगांवर माझा इस्वास न्हाय."

*

सोमवारी पहाटे सव्वापाचला आबा आणि जोतिराम बाहेर पडले. निघताना फुलाबाईनं जोतिरामला वाटीभर आंबील उभ्याउभ्या पाजली, लहानपणी शाळेला जाताना पाजायची तशी. रस्ता गार होता. नळाला पाणी आलेलं, बायका घागरी लावत होत्या. कुठल्याशा कारखान्यात यंत्रमाग चालू झाले होते.

जोतिराम सवयीनं पुढं झाला आणि चार पावलांवर मागं वळून बघायला लागला. आबांनी काठीनं त्याला थांबवलं.

"काय झालं, आबा?"

"तू चाल म्होरं. वळू नगंस. मी म्हागनं येतोय."

"पडला बिडला तर मला दिसायला नको?"

"मेंढका म्हागनंच चालतो," आबा म्हणाले. "म्होरं चालला तर मागलं कसं दिसंल त्येला?"

जोतिराम पुढं चालायला लागला. पाठीमागून ओढत्या पायाचा आवाज येत होता, काठीचा येत होता. तो पावलं आवरून टाकत राहिला, आवाज तुटू नये इतपत. एका वळणावर तो चुकून रस्त्याच्या मधोमध गेला, तर मागून जिभेचा टक् टक् आवाज आला आणि तो मुकाट्यानं कडेला झाला. कडेला झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण काय केलं. त्याचं त्यालाच हसू आलं. एकसष्टाव्या वर्षी, वाहतूक नियंत्रक, श्रेणी एक.

परत येईतो फटफटलं होतं. धनलक्ष्मी दारात सडा टाकून रांगोळीचा मुग्गू काढत होती. तिनं दोघांना बघितलं; पुढं लेक, मागं बाप. हातातली रांगोळी तशीच धरून तिनं विचारलं, "आबा, आज कोण कुणाला फिरवायलाय?"

जोतिराम थांबला. आबाही काठीवर रेलून थांबले, दम घेतला.

"समदी मेंढरं इकली," ते म्हणाले. "ह्ये येकच ऱ्हायलंय माझ्याकडं. पर चालतंय बरं."

धनलक्ष्मी खो खो हसली. जोतिराम मागं वळला नाही. वळायचं नाही, असं त्याला सांगितलेलं होतं, आणि ते बरंच झालं. मागून काठी टेकल्याचा आवाज आला, तसा तो घराकडं चालू लागला.